मिस्टर टिम्परली वाटेत उतरतात

मॉरिस टिम्परली यांना मार्लबीला जाऊन ग्वेंडा लॉफ्टहाउस या बाईंना भेटायचं होतं. गोष्ट एवढीच आहे. मार्लबीला गाडी जाते, स्टेशनापासून बाईंचं घर चालत जाण्याइतकं जवळ आहे, आणि बाईंची काही ना नव्हती. दुसरा कुणी असता तर तिकीट काढून गेला असता, चहा पिऊन परत आला असता आणि माझ्यावर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण टिम्परली पडले स्टोक विदरिंगकर. आमच्या स्टोक विदरिंगमध्ये एखाद्याला भेटावंसं वाटतं म्हणून सरळ उठून त्याच्या घरी जाणं हा आगाऊपणा समजतात. माणसानं कसं, 'सहज वाटेत होतो' म्हणून जावं. ताकाला जाऊन भांडं लपवणं ही आमची जुनी रीत आहे. माझ्या वडिलांनी आईला मागणी घातली तीसुद्धा तिच्या वडिलांची शिडी परत द्यायला गेले असताना, आणि ती शिडी त्यांनी मुळात त्यासाठीच मागून आणली होती असं आजही गावात बोललं जातं.

टिम्परली पाणीपुरवठा खात्यात मीटर विभागाचे उपप्रमुख होते. निवृत्त झाले, बायको गेली, आणि उरलेला जीव त्यांनी भाजीच्या वाफ्यांत गुंतवला. गेल्या शरदात बागा बघायच्या सहलीच्या बसमध्ये त्यांच्या शेजारची जागा लॉफ्टहाउसबाईंना मिळाली. बाई विधवा, बोलायला मोकळ्या, आणि गोगलगायींचा बंदोबस्त या विषयावर त्यांची मतं टिम्परलींच्या मतांशी तंतोतंत जुळणारी. तेव्हापासून दर रविवारी दोघांचा फोन व्हायचा. फोनवर विषय गोगलगायींचा. आमच्याकडे याहून जास्त कुणी बोलत नाही, पण एकच माणूस महिनोन्महिने गोगलगायींवर बोलत राहिला तर समजणाऱ्यानं काय ते समजायचं असतं.

मग एका रविवारी बाईंनी सांगितलं की कॅनडातला मुलगा मागे लागलाय, घर विकून टाक आणि कायमची इकडे ये म्हणतो, पुढच्या रविवारी हो की नाही ते सांगायचं आहे. आणि पुढे त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

इतकी सरळ वाट समोर कुणी मोकळी करून देत नाही. टिम्परलींनी त्या वाटेकडे पाहिलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "कॅनडातली थंडी कोरडी असते म्हणतात. सांध्यांना बरी."

त्यांनी फोन ठेवला. मीटर विभागात असताना अवघ्या जिल्ह्याला पाण्याची बिलं भरायला लावणारा माणूस, आणि एका बाईला 'जाऊ नका' म्हणता येत नाही. त्यांना स्वतःचीच इतकी चीड आली की त्यांनी पुन्हा फोन उचलला, आणि बाईंचा आवाज ऐकताच ती चीड जागच्या जागी विरली. मग त्यांच्या तोंडून जे निघालं ते असं, की येत्या शनिवारी मी सहज तिकडून जातोय, चालणार असेल तर चहापुरता उतरेन म्हणतो. बाई म्हणाल्या, या की. मग त्यांनी कुतूहलानं विचारलं, की तिकडून कुठे चाललात? इथे घोडं पेंड खाऊ लागलं.

कारण मार्लबीच्या पुढे रूळ फक्त स्कारहेव्हनपर्यंत जातात आणि तिथे समुद्र लागतो. स्कारहेव्हनला फेब्रुवारीत कुणी जात नाही. तिथे जायला टिम्परलींकडे एकच कारण होतं, ते म्हणजे त्यांची थोरली बहीण इनिड, आणि तिला टाळण्यात त्यांचं आयुष्य बऱ्यापैकी सुखात गेलं होतं. पण शब्द गेला होता. त्यांनी इनिडला फोन केला.

"कोण वारलं?" इनिडनं विचारलं.

कुणी वारलं नाही, सहज चार दिवस येतोय, हे तिला पटवायला त्यांना फार कष्ट पडले. पटल्यावर तिनं कामं काढली. पन्हळ गळतेय, ती बघावी लागेल. माळ्यावरचं सामान उतरवावं लागेल. मंगळवारच्या आत परत जायचं नाही. आणि येतोच आहेस तर आईचं शिलाई मशीन घेऊन ये, माझ्या हक्काचं असून तू ते दाबून बसला आहेस. हे मशीन बिडाचं, लाकडी टोपणासकट इतकं जड की त्यांच्या आईनंसुद्धा ते एकदा जिथे ठेवलं तिथून कधी हलवलं नव्हतं. एका कप चहासाठी टिम्परलींनी पन्हळ, माळा आणि मशीन अशी तीन संकटं विकत घेतली. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच.

आता राहिलं तिकीट. कुणी म्हणेल, मार्लबीपर्यंत एक तिकीट आणि पुढचं दुसरं काढायचं. पण टिम्परलींच्या सचोटीला ते मानवेना. ज्याच्या खिशात मार्लबीचं तिकीट असतं तो मार्लबीवरून जात नसतो, मार्लबीला जात असतो. आपण 'जाता जाता' म्हटलंय, तेव्हा तिकीटही जाता जाताचंच हवं. म्हणून त्यांनी स्कारहेव्हनचं सवलतीचं परतीचं तिकीट घ्यायचं ठरवलं आणि प्रश्न उभा राहिला, की या सवलतीच्या तिकिटावर मधल्या स्टेशनात उतरून बाहेर जाता येतं का?

हा प्रश्न त्यांनी शेजारच्या डोरिन प्रॅटबाईंना कुंपणावरून विचारला, ही पहिली चूक. प्रॅटबाईंचा एक भाचा असाच सवलतीच्या तिकिटावर मध्ये उतरला होता, त्याला दंड झाला, त्यानं तो मनाला लावून घेतला आणि पुढे त्याचं लग्न मोडलं. दंडामुळे मोडलं का, असं टिम्परलींनी विचारल्यावर बाई म्हणाल्या की तसं काही म्हणता येणार नाही, पण सुरुवात तिथूनच झाली. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गल्लीला माहीत झालं की टिम्परली कुठेतरी मध्ये उतरणार आहेत. कशासाठी, हे कुणी विचारलं नाही. ते विचारणं असभ्यपणाचं झालं असतं. तिकिटाबद्दल मात्र ज्याला त्याला बोलायचं होतं.

पबमध्ये तर सभाच भरली. रॉन स्केल्टननं, म्हणजे आमच्या गावचा तो माणूस ज्याला रेल्वेतलं सगळं कळतं आणि जो कायम मोटारीनं फिरतो, बिअरचे पुठ्ठे ओळीनं मांडून स्टेशनं केली आणि मिठाची बाटली गाडी म्हणून चालवून दाखवली. त्याचं म्हणणं, वाटेत उतरणं हा इंग्रज माणसाचा राणी व्हिक्टोरियाच्या काळापासूनचा हक्क आहे आणि तो कुणाच्या बापाला काढून घेता येत नाही. दुसऱ्या एकाचं म्हणणं, उतरता येतं पण फलाट सोडायचा नाही. तिसरा म्हणाला, फलाट सोडला तरी चालतं, टोपी डोक्यावर ठेवायची आणि चेहरा घाईचा करायचा. मीही तिथे होतो आणि मीही एक मत दिलं. ते काय होतं हे आता आठवत नाही, पण मी ते टेबलावर हात आपटून दिलं होतं.

रेल्वेच्या चौकशीला फोन लावला तर बराच वेळ बासरी वाजली आणि मग एक मंजूळ आवाज म्हणाला, ते तुमच्या तिकिटाच्या अटींवर अवलंबून आहे. अटी काय आहेत विचारलं तर म्हणाला, त्या तिकिटावर अवलंबून आहेत. शेवटी टिम्परली स्वतः तिकीट खिडकीवर गेले. पण मागे रांग. आपला प्रश्न लांबलचक आणि मागच्यांना गाडी गाठायची, हे जाणून त्यांनी "आधी तुम्ही" म्हणून मागच्या बाईंना पुढे जाऊ दिलं. मग त्यांच्या मागच्यांना. माणसं येत राहिली आणि टिम्परली "तुम्ही, तुम्ही" करत मागे सरकत राहिले, ते खिडकी बंद होईपर्यंत. खिडकीवाल्यानं पडदा ओढताना त्यांच्याकडे अतिशय आदरानं पाहिलं, असं ते सांगतात.

तेव्हा त्यांनी नियमांची पुस्तिका मागवली आणि रात्र जागून वाचून काढली. नियम वाचणं हा त्यांचा पेशा. हवं ते कलम सापडलं: प्रवासी मार्गातील कोणत्याही स्थानकात उतरून बाहेर जाऊ शकेल व तिकिटाची मुदत संपेपर्यंत पुढील प्रवास करू शकेल. त्याखाली त्यांनी पट्टी धरून लाल रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी प्रॅटबाईंना आणि रॉनला ती दाखवली, आणि शनिवारी सकाळी चांगला कोट घालून, एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात आईचं मशीन घेऊन ते निघाले. गल्लीतली माणसं दारात उभी होती. इतक्या लोकांनी निरोप द्यावा असं त्यांच्या आयुष्यात यापूर्वी काही घडलं नव्हतं.

प्रवास निर्विघ्न झाला. मशीन सामानाच्या फळीवर चढेना म्हणून त्यांनी ते मांडीवर घेतलं, आणि मार्लबी येईपर्यंत त्यांचे दोन्ही पाय बधिर झाले. त्या अवस्थेत, लंगडत, घामाघूम होऊन ते फलाटावर उतरले आणि पाहतात तर तिकीट तपासणाऱ्या स्वयंचलित फाटकापलीकडे ग्वेंडाबाई उभ्या. हिरवा कोट, हातात पिशवी. घ्यायला येईन असं त्या बोलल्या नव्हत्या. टिम्परलींनी रुबाबात तिकीट फाटकाच्या फटीत घातलं. फाटकानं ते चावून पाहिलं, बाहेर फेकलं आणि लाल दिवा लावला.

मागून माणसं आली. टिम्परली "माफ करा" म्हणाले आणि मशीन उचलून रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. पुन्हा नंबर आला, पुन्हा लाल दिवा, पुन्हा "माफ करा". तिसऱ्या खेपेला फाटकावरचा माणूस स्वतःच आला. त्याच्या कोटावर टेरी असं नाव होतं. त्यानं तिकीट उलटंपालटं करून पाहिलं आणि सांगितलं की साहेब, या तिकिटावर जाताना मध्ये बाहेर पडता येत नाही.

टिम्परली याच क्षणाची वाट पाहत होते. त्यांनी मशीन खाली ठेवलं, पुस्तिका काढली आणि कलम मोठ्यानं वाचून दाखवलं. मीटर विभागातला आवाज त्यांना कितीतरी दिवसांनी सापडला होता. रांगेतल्या दोघातिघांनी माना डोलावल्या. कुत्रं घेतलेली एक म्हातारी म्हणाली, "बरोबर बोलतायत ते. सोड की त्यांना."

टेरी कुणाशी वाद घालणारा नव्हता. त्यानं पलीकडे पाहिलं, बाई दिसल्या. टिम्परलींकडे पाहिलं, चांगला कोट दिसला. मशीनचा अर्थ त्याला लागला नसावा. तो आवाज उतरवून म्हणाला, "जा हो तुम्ही. उघडतो मी. कोण बघतंय?"

आणि त्यानं फाटक उघडलं. मधे काही उरलं नव्हतं. पलीकडे ग्वेंडाबाईंनी हातातली पिशवी सावरली. एक पाऊल टाकायचं होतं, पण टिम्परली ताठ उभे राहिले.

"मला मेहरबानी नको," ते म्हणाले. "माझा हक्क असेल तर मी जाईन. नसेल तर जाणार नाही."

म्हातारीच्या तोंडून नकळत एक उसासा निघाला. टेरीनं फाटक बंद केलं, कारण मागे माणसं होती, आणि म्हणाला, बरं, बघू द्या ती पुस्तिका. त्यानं ती हातात घेतली, एक पान मागे उलटलं आणि टिम्परलींसमोर धरली. मागच्या पानाच्या तळाशी शीर्षक होतं: परतीचा प्रवास. जातानाच्या प्रवासाचं कलम त्याच्याही आधी होतं, दोन ओळींचं. त्यात वाटेत उतरायला साफ मनाई केली होती. ज्या माणसानं उभ्या हयातीत लोकांना 'कृपया मागील पान पाहावे' असं लिहून पाठवलं, त्यानं मागचं पान पाहिलं नव्हतं.

टिम्परली लाल झाले. कानांपासून सुरू होऊन ते कॉलरपर्यंत लाल झाले, आणि टेरीला म्हणाले, "माफ करा, तुमचा वेळ घेतला." आता त्याची मेहरबानी मागावी तर थोड्या वेळापूर्वी ती सगळ्यांदेखत लाथाडलेली. न मागावी तर पुढची गाडी येईपर्यंत इथेच उभं राहायचं. त्यांनी मशीन उचललं, फाटकाच्या कडेला भिंतीशी सरकले आणि त्यावर बसले.

ग्वेंडाबाई पलीकडून भिंतीशी आल्या. मधे कमरेइतकं फाटक. बाईंनी पिशवीतून थर्मास काढला, पेल्यात चहा ओतला आणि फाटकावरून दिला. मग आल्याचा केक कागदात गुंडाळून दिला. त्यांना काय सुचलं कोण जाणे, एक तुकडा त्यांनी टेरीलाही दिला. माणसं येत होती, जात होती, फाटक उघडत मिटत होतं, आणि दोघं चहा पीत गोगलगायींबद्दल बोलत होती. यंदा थंडी कमी, म्हणजे गोगलगायी वाढणार. अंड्याची टरफलं काही उपयोगाची नाहीत. बाई म्हणाल्या, ते मशीन कसलं? टिम्परली म्हणाले, आईचं. बाई म्हणाल्या, हं. अशा पद्धतीनं ती जगातली सगळ्यात महत्त्वाची अर्धी घटका निघून गेली आणि स्कारहेव्हनच्या गाडीची घोषणा झाली.

टिम्परली उठले, कारण घोषणा झाली की माणसानं उठायचं असतं. बाईंनी रिकामा पेला परत घेतला आणि पुसत पुसत म्हणाल्या, "येताना उतरता येतं ना, म्हणे?"

"येताना चालतं. पण येणार मंगळवारी."

"मंगळवारी," बाई म्हणाल्या. त्यांनी पेला थर्मासवर बसवला, तो नीट बसेना, पुन्हा बसवला. "मुलाचा फोन उद्या आहे, मॉरिस. त्याला मी काहीतरी सांगणार. मला नाही म्हणायला काही कारण नाहीये. घर मोठं आहे, मी एकटी आहे आणि थंडी तिकडे कोरडी आहे, तुम्हीच सांगितलंत."

गाडी आली. दारं उघडली. टेरी फाटकाशी उभा होता आणि दुसरीकडे पाहण्याची शिकस्त करत होता. टिम्परली गाडीकडे पाहत होते. तिकडे इनिड होती, पन्हळ होती, आणि खिशात त्या सगळ्याचं रीतसर, नियमात बसणारं तिकीट होतं. आयुष्यभर आपण असंच केलं, त्यांना वाटलं. जे हवं त्याच्या एक स्टेशन पुढचं तिकीट काढलं, आणि हवं ते वाटेत आपोआप पदरात पडेल म्हणून वाट बघत बसलो. बायकोच्या आजारपणातसुद्धा तिला सांगायचं ते त्यांनी हवापाण्यावर बोलून घालवलं होतं. त्याची त्यांना इतकी तीव्र लाज वाटली की पायातला बधिरपणा गेला.

दारं मिटली. गाडी गेली. टिम्परली फलाटावरच होते.

"साहेब, पुढची गाडी आता संध्याकाळी," टेरी म्हणाला.

"मला पुढे जायचं नाही," टिम्परली म्हणाले.

हे त्यांनी टेरीला सांगितलं, पण तोंड बाईंकडे होतं. मग एकदा तोंड उघडलंच आहे तर सगळं बाहेर पडलं. "मला पुढे कधीच जायचं नव्हतं. मी कशाच्याही वाटेत नव्हतो, ग्वेंडा. मी इथेच यायला निघालो होतो. तुम्ही कॅनडाला जाऊ नये असं मला वाटतं. त्या दिवशी फोनवर हेच सांगायचं होतं, आणि मी थंडीचा विषय काढत बसलो."

असं सार्वजनिक ठिकाणी, भर दुपारी, मोठ्या आवाजात बोललेलं मार्लबी स्टेशनात बहुधा कुणी ऐकलं नव्हतं. कुत्र्याची म्हातारी केव्हाच जायला हवी होती, ती अजून तिथेच होती. ग्वेंडाबाईंचा चेहरा लाल झाला, टिम्परलींपेक्षाही जास्त, आणि त्यांनी पिशवीत उगाच काहीतरी शोधायला सुरुवात केली. शोधता शोधता त्या हसत होत्या.

टेरीनं खाकरून फाटक उघडलं आणि हातानं या म्हणून खूण केली. पण टिम्परलींचा स्वभाव काही एका भाषणानं बदलणारा नव्हता.

"थांबा," ते म्हणाले. "असं फुकट नको. हे स्कारहेव्हनचं तिकीट राहू द्या. मला इथलं तिकीट द्या, रीतसर. स्टोक विदरिंग ते मार्लबी."

टेरीनं सुस्कारा सोडला, कमरेचं यंत्र पुढे ओढलं आणि सवयीनं विचारलं, "एकेरी की परतीचं? सवलतीचं परतीचं घेतलंत तर जवळजवळ त्याच भावात पडतं."

टिम्परली विचारात पडले. एवढा फायदा समोर असताना एकेरी तिकीट काढणं त्यांच्या रक्तात नव्हतं. ते खिशाकडे हात नेत म्हणणारच होते, तेवढ्यात फाटकाच्या पलीकडून आवाज आला.

"एकेरीच द्या," ग्वेंडाबाई म्हणाल्या.